प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतोय: एसएसडी घ्यावी, रॅम वाढवावी की फुकटात भागवावं?

काकांच्या लॅपटॉपवर वर्डवर डबलक्लिक करायचं आणि चहा टाकायला उठायचं, असा घरातला रिवाजच होता. चहा गाळून होईपर्यंत आतून हार्ड डिस्कची कुरकुर ऐकू यायची, मग कुठे कोरं पान दिसायचं. दुकानदार म्हणाला, "रॅम वाढवा." काकांनी रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी, ४ जीबीची ८ केली. चहाचा रिवाज काही मोडला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

म्हणून खिशात हात घालण्याआधी एक चाचणी करा. कंप्युटर रीस्टार्ट करा. शटडाऊन करून चालू करणं इथे तितकंसं चालत नाही, कारण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप'मुळे सिस्टिमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो. सुरू झाल्यावर पाचेक मिनिटं थांबा, नेहमीचा प्रोग्रॅम उघडा, पूर्ण बंद करा आणि लगेच पुन्हा उघडा. पहिल्यांदा रडतखडत आणि दुसऱ्यांदा चटकन उघडला, तर गुन्हेगार डिस्क आहे: दुसऱ्या वेळी त्याच फाइली रॅममधून मिळाल्या, डिस्कपर्यंत जावंच लागलं नाही. दोन्ही वेळा सारखाच रेंगाळला, तर प्रोसेसर, अँटिव्हायरस किंवा तो प्रोग्रॅमच जड आहे असं समजा. आणि एरवी बरा चालतो, पण ब्राउझरचे पंधरा टॅब उघडल्यावर सगळंच अडखळतं, तर रॅम अपुरी पडतेय.

यात एक गोम आहे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क १०० टक्के' दिसलं की लोक लगेच डिस्कवर खापर फोडतात. पण रॅम भरली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकू लागतं, आणि तेव्हाही डिस्क शंभरावर जाते. त्यामुळे शेजारचा मेमरीचा रकानाही बघा. तो नव्वदीच्या आसपास असेल तर दुखणं रॅमचं असू शकतं.

आता एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. माहितीचा हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय ते डोकं योग्य जागी सरकायला साधारण १२ मिलिसेकंद. हिशेब केला तर सेकंदाला साठेक तुकडे. प्रोग्रॅम उघडताना तर शेकडो, कधी हजारो लहान तुकडे इकडून तिकडून गोळा करावे लागतात. एसएसडीत फिरायला काहीच नसतं, एक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात हाती येतो. म्हणूनच हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर या एका बदलाइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. रॅम कमी असली तरी पेजफाइल एसएसडीवर आल्याने तीही चणचण सुसह्य होते. एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर माझं मत बिनशर्त एसएसडीला.

कोणती, हा पुढचा घोळ. साटा ही जोडणीची जुनी पद्धत, एनव्हीएमई ही नवी. साध्या साटा एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेलं असतं, एनव्हीएमईच्या खोक्यावर ३५०० किंवा त्याहून जास्त. आकडे खोटे नाहीत, पण ते एक मोठी फाइल सलग वाचतानाचे. एकेक लहान तुकडा वाचताना साटाचा वेग ढोबळमानाने ३०-४० एमबीवर येतो, एनव्हीएमईचा त्याच्या दीडपट वगैरे. हार्ड डिस्क तिथे १ एमबीही गाठत नाही. खरी उडी हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्यात आहे. साटावरून एनव्हीएमईवर जाण्यासाठी, निव्वळ प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून, मी एक रुपयाही घालणार नाही.

रॅमचं तसं नाही. ८ जीबी असेल आणि वापर टायपिंग, बँकेची कामं, यूट्यूब इतकाच असेल, तर वाढवून प्रोग्रॅम लवकर उघडणार नाहीत. ४ जीबी असेल आणि एसएसडी आधीच बसवलेली असेल, तर मात्र वाढवाच. त्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये रॅमचे किती स्लॉट (खाचा) भरलेत ते पाहा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डकवलेली असते, तिथे विषयच संपला. डीडीआर ३ आणि ४ या रॅमच्या पिढ्या; ३ च्या खाचेत ४ ची पट्टी बसत नाही, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, हेही हिशेबात धरा.

फुकटचे उपाय आधी करून बघायला काहीच जात नाही. स्टार्टअपच्या यादीतलं नको ते बंद करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, कारण उघडणारी प्रत्येक फाइल दोघंही तपासत बसतात. दिवसातून चार वेळा शटडाऊन करण्याऐवजी स्लीपवर ठेवा, रॅममध्ये आलेल्या फाइली तिथेच राहतात. डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे लाइट जायची सवय असेल, तर फाइल सेव्ह करूनच स्लीप करा. प्रीफेच फोल्डर रिकामं करा हा सल्ला मात्र ऐकू नका. प्रोग्रॅम उघडताना काय काय लागतं याची नोंद विंडोज एक्सपीपासून तिथेच ठेवली जाते. ती पुसली की पुढच्या वेळी उलट उशीर. 'बूस्टर' म्हणून मिळणारी सॉफ्टवेअरं स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात, ती निराळीच गंमत.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या बऱ्याच मशीनवर ११ अधिकृतपणे चालत नाही. मग अशा मशीनवर खर्च करावा का? विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची तयारी असेल तर करावा. नसेल तरी २.५ इंची साटा एसएसडी अगदीच वाया जात नाही: उद्या लॅपटॉप मोडीत निघाला तर ती यूएसबी केसमध्ये घालून फोटो ठेवायला वापरता येते. डीडीआर ३ ची पट्टी नव्या मशीनला लागत नाही. काकांची ती जास्तीची पट्टी अजून त्या लॅपटॉपमध्येच आहे. एसएसडी शेवटी बसवलीच, जुनी हार्ड डिस्क केसमध्ये गेली आणि तिच्यावर आता लग्नाचे व्हिडिओ आहेत.