गणपतीची सुट्टी की दिवाळीची: होस्टेलवर एकट्यानं थांबायचं तर कुठली?

लातूर, यवतमाळ, नागपूरकडून दापोली-रत्नागिरीला शिकायला आलेल्या मुलांना दोन्ही सुट्ट्यांत घर गाठणं जमत नाही. मग गणपतीची सुट्टी लहान म्हणून बरेच जण तेव्हा थांबतात आणि दिवाळीला घरी जातात. हिशेब चुकीचा नाही, फक्त त्यात पाऊस धरलेला नसतो.

गणपतीत पहिली अडचण पोटाची. मेसचा आचारी, वॉचमन, पाण्याचा पंप लावणारा हे सगळे इथलेच, आणि प्रत्येकाच्या घरी गणपती. हरतालिकेपर्यंत बाजारात पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी खानावळींना कुलूप लागतं, ते बऱ्याच ठिकाणी गौरी-गणपती जाईपर्यंत निघत नाही. पाच दिवसांचा शिधा आधीच भरून ठेवावा. एका माणसाच्या एका वेळच्या खिचडीला ८० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मूगडाळ लागते. म्हणजे दहा वेळांना ८०० ग्रॅम तांदूळ, ४०० ग्रॅम डाळ, आणि नाश्त्याला अर्धा किलो पोहे. खिचडी किटलीत शिजवू नका. डाळ तळाला धरते, करपते आणि किटली कामातून जाते. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते, खोलीतलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. ते तापतं, प्लगची पिन काळी पडते. ४०० वॅटचा छोटा राइस कुकर त्याच सॉकेटवर बिनघोर चालतो. पण वॉर्डनची परवानगी आधी घ्या, तीही लेखी.

दिवाळीत हा प्रश्न जवळपास नाहीच. कोकणात दिवाळी गणपतीच्या मानानं शांत. पहिल्या दिवशी पहाटे अंघोळ करून तुळशीसमोर कारीट (छोटं कडू फळ) पायानं फोडायचं, पोहे खायचे, आणि भातकापणी राहिली असेल तर शेतावर जायचं. शिवाय पर्यटक येतात म्हणून खानावळी उघड्या असतात. फक्त किनाऱ्याजवळच्या थाळीचा दर चढलेला असतो, तेव्हा एसटी स्टँडजवळ जेवावं.

खोलीचंही तसंच. भाद्रपदात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेवर आणि पट्ट्यावर बुरशी चढते, भिंतीला टेकलेली गादी मागून ओली होते. गादी वीतभर पुढे ओढा आणि पाऊस थांबला की खिडकी उघडा. तारेवर झाड पडून वीज गेली की पंप बंद, टाकी रिकामी. दोन बादल्या कायम भरलेल्या हव्यात. वीज बराच वेळ आली नाही तर टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंजही जाते. घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई वॉर्डनला फोन करकरून हैराण करेल. दिवाळीत हवा कोरडी, वीज बरी. तेव्हा जपायचं ते फुरशाला (छोटा विषारी साप) आणि विंचवाला. जांभ्याच्या गडग्यावर (दगड रचून केलेल्या कुंपणावर) बसू नका, वाळक्या गवतात हात घालू नका, बूट झटकून घाला, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका.

इथवर दिवाळीचं पारडं जड आहे. पण एकटेपणाचं गणित उलटं आहे. दिवाळीची सुट्टी लांबते, आणि आठव्या-दहाव्या दिवशी रिकाम्या कॉरिडॉरमध्ये आपल्याच चपलांचा आवाज नको होतो. गणपतीत मात्र आरतीला कुणाच्याही दारात उभं राहिलं तर ‘खयचो रे तू?’ किंवा ‘कुठला रे बाळा?’ एवढंच विचारतात आणि हातावर मोदक ठेवतात. रात्री भजनाला टाळ वाजवायला माणूस हवाच असतो. (कामापुरता ताल असला तरी चालतो.)

गावी जाण्याचं तिकीटही या हिशेबात धरा. गणपतीत मुंबईकर कोकणात येतात, तुम्ही निघता उलट्या दिशेनं. चतुर्थीच्या आधी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत जागा मिळण्याची शक्यता बरी असते. दिवाळीत तसं होत नाही, कारण सगळेच इकडून तिकडे जात असतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसा. दापोलीकरांना रेल्वेसाठी खेड गाठावं लागतं. गणपतीत एसटीच्या गाड्या जादा फेऱ्यांवर गेल्यानं स्थानिक फेऱ्या रद्द होतात, म्हणून खेडला तीन तास आधी पोचायचं ठेवा.

पहिल्या वर्षाला असाल आणि कधी एकटे राहिला नसाल, तर गणपतीत थांबा. हाल होतील, पण पाचच दिवस. प्रोजेक्ट किंवा परीक्षेचा अभ्यास उरकायचा असेल तर दिवाळी. दोन्ही वेळी परवानगीचा अर्ज करतानाच विचारून घ्या: सगळ्यांना एकाच मजल्यावर हलवणार का, आणि रात्री फाटकाची किल्ली कोणाकडे असणार?