लिचेसची टीम: साइटचं रूप बदलतं, क्लबचं काय?

साइट देखणी झाली म्हणून क्लब चालवणाऱ्याचं काम हलकं होत नाही. सदस्य काढायचं बटण कुठे गेलं, हा त्याचा पहिला प्रश्न. या कसोटीवर लिचेस ही ऑनलाइन बुद्धिबळाची साइट बऱ्यापैकी उतरते, तेही फुकट आणि जाहिरातींशिवाय. क्लबला तिथे ‘टीम’ म्हणतात.

रचना बदलली की आधी मोडतात त्या पानावरून सदस्ययादी उचलणाऱ्या घरगुती स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम. एचटीएमएलमधल्या, म्हणजे पानाच्या कोडमधल्या, एका क्लासचं (घटकाला दिलेल्या खुणेचं) नाव बदललं तरी यादी रिकामी येते, आणि बऱ्याचदा एररही दिसत नाही. यादी एपीआयमधूनच, म्हणजे प्रोग्रामना थेट माहिती देणाऱ्या साइटच्या सोयीतूनच, घ्यावी: ओळीमागे एक सदस्य असं जेसन (प्रोग्रामला सहज वाचता येणारा मजकूर) मिळतं, पानाचा रंग कोणताही असो.

खरी जमेची बाजू स्विस स्पर्धा: कुणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. क्लबमधली दोन भावंडं समोरासमोर यायला नको असतील, तर निषिद्ध जोड्यांच्या रकान्यात एका ओळीवर दोन यूजरनेम, मध्ये एक स्पेस, एवढंच. निम्म्या फेऱ्या सुरू होईपर्यंत उशिरा आलेल्यालाही घेता येतं. निकाल टीआरएफ (स्पर्धेच्या अहवालाच्या) फाइलमध्ये उतरवून ठेवता येतो, तो ठेवाच. टीमच्या लीडरना, म्हणजे ती चालवणाऱ्यांना, अधिकार वेगवेगळे देता येतात, त्यामुळे स्पर्धा लावणाऱ्याच्या हाती सदस्य काढायची किल्ली द्यायची गरज नाही.

खटकतं ते भाषांतर. मराठी मजकूर स्वयंसेवक लिहितात, म्हणून नवं बटण आलं की भाषांतर होईपर्यंत ते इंग्रजीतच दिसतं. नवख्या सदस्यांसाठी स्क्रीनशॉटची पत्रकं काढू नका, ती लगेच शिळी होतात; थेट लिंक आणि प्रवेशाचा कोड पाठवा.