माउथपीस तेलात बुडवायला सांगणाऱ्यापासून सावध राहा

लातूर, नांदेड, परभणीकडं बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात अल्टो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. तुळशीची लग्नं लागायच्या आधी जो तो वाद्य नीटनेटकं करायला काढतो, अन् नेमक्या त्याच दिवसांत जुन्या माउथपीसच्या, म्हणजे वाद्याच्या तोंडात धरायच्या भागाच्या, जाहिराती मोबाइलवर दिसायला लागतात.

माझी फसवणूक झाली ती सेल्मर या सॅक्सोफोन बनवणाऱ्या कंपनीच्या नावानं. कंपनीचा यात काही संबंध नाही, फक्त नाव तिचं वापरलं होतं. एका मोठ्या ऑनलाइन बाजारातल्या विक्रेत्यानं ‘एस-८० सी-स्टार, अल्टो, जुना, अस्सल एबोनाइट’ असं लिहून साडेसहा हजार मागितले. नव्याच्या मानानं बराच स्वस्त, पण संशय यावा इतका स्वस्त नाही. एस-८० हे सेल्मरचं मॉडेल, सी-स्टार हे त्यातलं माप. सी-स्टारची टोकाची फट, म्हणजे माउथपीसचं टोक आणि रीड (कंप पावून आवाज काढणारी पातळ पट्टी) यांच्यातली जागा, १.७० मिमी असते, यामाहाच्या साध्या ४सी माउथपीसची १.६०. ऐकायला फरक एवढासा वाटतो, पण तीच रीड लावली तरी दम वेगळा लागतो. जुनी फिल्मी गाणी वाजवायला मला सी-स्टारच हवा होता.

पार्सल आलं त्याच संध्याकाळी विक्रेत्याचा फोन. बोलणं मोठं अदबीचं. “दादा, जुनं रबर आहे, वाळलेलं असतंय. लगेच फुंकलात तर तडा जाईल. बदाम तेलात आठ-दहा दिवस बुडवून ठेवा, मग बघा कसा बोलतो.” डब्यात तशी छापील चिठ्ठीही होती. सामान परत करायची मुदत होती सात दिवसांची.

सगळी लबाडी त्या तेलात होती. एक तर मुदत आपोआप निघून जाते. दुसरं, एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. कोरड्या फडक्यानं जोरात घासलं की त्याला गंधकाचा वास येतो, प्लास्टिकला येत नाही. बदाम तेलात मुरलेल्या वस्तूला बदामाशिवाय कशाचाच वास येत नाही. आणि तिसरं मला नंतर कळलं: तक्रार केल्यावर उत्तर आलं, “तुम्ही तेल लावलंय, वापरलेली वस्तू परत घेत नाही.” ज्यानं डोकं चालवलं, त्यानं नीट चालवलं होतं, हे मान्य करावंच लागेल.

तेलातून काढून वाजवला तर मधले सूर ठीक, पण खालचा सा धरायला गेलं की गुरगुर, आणि मध्येच चिरका आवाज. रीड बदलली, तरी तेच. आमच्या बँडमास्तरांनी तो हातात घेतला आणि पहिल्यांदा मागच्या भोकातून उजेडाकडं धरून आत पाहिलं. एस-८०च्या चेंबरचं, म्हणजे आतल्या पोकळीचं, तोंड चौकोनी असतं. याचं गोल. गोल असणं म्हणजे खोट नव्हे, मेयर कंपनीच्या माउथपीसचं गोलच असतं. पण नाव एस-८०चं अन् आत गोल, म्हणजे विषय संपला.

मग काचेचा तुकडा घेतला. रीड बसते ती सपाट बाजू काचेवर टेकवली, आणि शेजारच्या मोटारसायकल गॅरेजातून टॅपेट लावायचं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) आणून त्याचं सगळ्यांत पातळ पातं टोकाकडून आत सरकवलं. दोन्ही कडांवर ते सारखंच आत जाऊन थांबायला पाहिजे. इथं डाव्या अंगाला थांबलं, उजव्या अंगाला आणखी आत गेलं. पातं तिरकं झालं. दोन्ही कडा सारख्या वळलेल्या नसतील तर रीड एका बाजूनं मिटते, दुसरीकडून हवा गळते. चिरका आवाज तिथूनच येत होता. फोटोत हे कधीच दिसत नाही. फोटोत दिसतात ती अक्षरं, आणि अक्षरं कुणीही कोरतो.

गेज नसेल तर रीड लावून मागचं भोक तळहातानं बंद करा आणि हवा ओढून घेऊन माउथपीस ओठांपासून काढा. रीड क्षणभर चिकटून राहून टप्पकन सुटली, तर बऱ्यापैकी मिटते. मात्र रीड नीट भिजलेली पाहिजे, नाहीतर चांगल्या माउथपीसलाही नावं ठेवाल.

आता तेलाचं. एबोनाइटला मुरवायला तेल लागतच नाही. कॉर्क ग्रीस लावायचं ते सॅक्सोफोनच्या मानेवरच्या कॉर्कला. वाजवून झालं की रीड काढा, माउथपीस कोमट पाण्यानं धुवा, मऊ फडक्यानं पुसा. कढत पाणी नको, त्यानं आणि उन्हानं काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसतो, म्हणून मी जारचं पाणी वापरतो. क्षार बसलाच तर पाणी मिसळलेलं व्हिनेगर थोडा वेळ लावून धुवून टाका. दोरीला वजन बांधलेलं फडकं आतून ओढू नका, टोकाची धार खरवडली जाते.

तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे. ‘वापरलेली वस्तू’ म्हणून हात झटकणाऱ्याला २०२० चे ई-कॉमर्स नियम दाखवा: वस्तू बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणं नसेल, तर ती परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. ती छापील चिठ्ठी मी जपून ठेवली होती, तक्रारीला तीच जोडली. पैसे अजून आलेले नाहीत. जाहिरात मात्र अजून चालू आहे. पाच फोटो आहेत, सगळे वरून आणि बाजूनं काढलेले. कुणाला घ्यायचाच असेल तर पैसे टाकायच्या आधी मागच्या भोकातून आत बघून काढलेला एक फोटो मागा.