नऊ महिने 'नट' आणि आयपीएमआय: आता बटण कोण दाबतं?

आधी आमची पद्धत अशी होती: रात्री लाईट गेली की सर्व्हर बंद करायला वॉचमन काकांना फोन. "काका, काळ्या डब्याचं बटण एकदाच दाबा, धरून ठेवू नका." काका धरूनच ठेवायचे. चार सेकंद बटण धरलं की सर्व्हर नीट बंद होत नाही, त्याचा थेट गळाच दाबला जातो. मग सकाळी डेटाबेस सावरेपर्यंत सगळं ऑफिस माझ्या तोंडाकडे बघत बसायचं.

सांगलीतलं छोटं ऑफिस आहे. प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरमध्ये अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालवणारी प्रणाली) चालणारे दोन सर्व्हर आणि 3 केव्हीएचा एक यूपीएस. यूपीएसची यूएसबी वायर एका सर्व्हरला लावून त्यावर नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, बसवलं. ते यूपीएसची खबर नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरलाही देतं आणि वेळ आली की दोघांना नीट बंद करतं. शिवाय दोन्ही सर्व्हरच्या आयपीएमआय (सर्व्हर लांबून चालू-बंद करायची सोय) पोर्टला केबल ओढली. सॉफ्टवेअर फुकट, माझे दोन रविवार मात्र गेले.

आयपीएमआयच्या मागे मदरबोर्डवरचा बीएमसी नावाचा चिमुकला संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी वायरीत करंट आहे तोवर तो जागा. त्याला द्यायचा 'चॅसिस पॉवर सॉफ्ट' हा हुकूम म्हणजे बटण एकदा दाबणं, 'ऑफ' म्हणजे काकांची पद्धत. 'सॉफ्ट'चं उत्तर क्षणात येतं, पण ते फक्त निरोप पोचल्याचं. सर्व्हर बंद झाल्याचं नव्हे. हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं. 'सॉफ्ट' दिलं, मिनिटभराने बघतो तर स्टेटस अजून 'ऑन'. अडकलाय असं वाटून 'ऑफ' ठोकलं. वास्तविक आतली व्हर्च्युअल मशीन सावकाश बंद होत होती. प्रॉक्समॉक्स त्यासाठी प्रत्येकीला 180 सेकंद देतो. काकांना बोलायचं तोंडच राहिलं नाही. आता 'सॉफ्ट'नंतर दर दहा सेकंदांनी स्टेटस विचारणारी स्क्रिप्ट आहे, आणि 'ऑफ'चा हुकूम तिच्यात ठेवलेलाच नाही.

नटने रोजची कटकट संपवली, पण पहिल्या चाचणीत फजिती झाली. नेटवर्क स्विच साध्या बोर्डावर होता. मेन स्विच पाडला तशी त्याचीही लाईट गेली आणि बॅटरी सुरू झाल्याचं दुसऱ्या सर्व्हरला कळलंच नाही. त्याच्या लेखी लाईट होतीच. नेटवर्क स्विच यूपीएसवर घेतला आणि प्रश्न मिटला.

दुसरा घोळ जास्त छुपा. सर्व्हर बंद व्हायला लागला आणि तेवढ्यात लाईट आली, तर काय? बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांत) 'करंट परत आला की चालू हो' असं सेटिंग असतं, पण मध्ये यूपीएस होता, त्यामुळे सर्व्हरचा करंट तुटलेलाच नाही. मग तो बंद झाल्यावर बंदच राहतो. म्हणून शेवटी नटने यूपीएसलाही आउटपुट तोडायला सांगावं लागतं. आमचा यूपीएस ते ऐकतो. सगळे ऐकत नाहीत, तेव्हा विकत घेण्याआधी नटच्या यादीत मॉडेल बघा.

आणि यूपीएसने सांगितलेल्या वेळेवर विसंबू नका. आमचा 22 मिनिटं म्हणायचा, जुनी बॅटरी सातव्या मिनिटाला बसली. आता 50 टक्क्यांवरच बंद करायला घेतो.

आयपीएमआय चुकूनही इंटरनेटवर उघडं ठेवू नका. आयपीएमआय 2.0 ची रचनाच अशी की लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक ठसा) समोरच्याला मिळतो. साधा पासवर्ड मग घरबसल्या फोडता येतो. आमची पोर्टं वेगळ्या व्हीएलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) आहेत, घरून व्हीपीएनने (सुरक्षित जोडणीने) जातो.

एकदा बीएमसीच गोठला होता. त्याला नव्याने सुरू करणारा 'एमसी रीसेट कोल्ड' हुकूम दिला, दोनेक मिनिटांत परत आला, चालू सर्व्हरला धक्का नाही. हुकूम देण्याआधी 'चॅसिस आयडेंटिफाय'ने दिवा लुकलुकवून योग्य डबा ओळखायची सवयही लागली. ते बघायला फोन अजून काकांनाच करतो. बटणाला हात लावायचा नाही, एवढंच सांगतो.