टेबलं आणि वेळा नेमक्या जमवलेला युद्धखेळांचा मेळावा

मध्य न्यू जर्सीत आमच्या घराजवळ मिनिएचर वॉरगेमिंगचा एक क्लब आहे. रंगवलेले छोटे सैनिक टेबलावर मांडून फासे, मोजपट्टी आणि नियमपुस्तक घेऊन लढाया खेळणारी ही मंडळी. दर वसंत ऋतूत एका शनिवारी ते स्वयंसेवी अग्निशमन दलाचा हॉल भाड्याने घेऊन दिवसभराचा मेळावा भरवतात. मी पाचपैकी साडेचार तारे देतेय आणि त्यातले बहुतेक टेबलांच्या मांडणीचे आणि वेळापत्रकाचे आहेत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांच्या वेळा लावायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे कुठेही गेले तरी माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

हॉलमधली घडीची टेबलं नेहमीचीच, ७२ इंच लांब आणि ३० इंच रुंद. दोन टेबलं लांब बाजूने जोडली की ६ फूट बाय ५ फुटांचा पट मिळतो. बऱ्याच ऐतिहासिक खेळांना ६ बाय ४ पुरतं, म्हणजे एक फुटाची पट्टी फासे, पत्ते आणि कॉफीच्या कपासाठी मोकळी राहते. वॉरहॅमर ४०,००० या काल्पनिक भविष्यकाळातल्या युद्धखेळाची ६० बाय ४४ इंचांची मॅटही त्यावर आरामात बसते. ५ फुटांपेक्षा रुंद पट मात्र ते कुणालाच देत नाहीत, कितीही विनंती केली तरी. दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच फूट हात पोचतो, त्यापुढे माणूस टेबलावर ओणवा होतो आणि बाहीला अडकून भाल्यांची अख्खी रांग आडवी होते. ज्याने रात्री जागून ते सैनिक रंगवलेत त्याचा चेहरा तेव्हा बघवत नाही. मोठी लढाई असेल तर लांबी वाढवा, असं ते सांगतात, आणि ८ फुटी टेबलं देतात.

दोन पटांमध्ये पाच फूट जागा सोडलेली असते. एकमेकांकडे पाठ करून खेळाडू उभे राहिले तरी मधून तिसरा माणूस सैनिकांचा ट्रे घेऊन जाऊ शकतो. यामुळे हॉलमध्ये चौदाच पट बसतात. आणखी चार सहज कोंबता आले असते आणि तेवढ्या जागांचे पैसेही मिळाले असते. त्यांनी ते केलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. शिवाय चौदापैकी दोन पट मुद्दाम रिकामे ठेवतात. कुणाचा खेळ लांबला, कुणाला आयत्या वेळी डाव मांडावासा वाटला, तर ते दोन उपयोगी पडतात.

सत्रं तीन : साडेनऊ ते एक, दोन ते साडेपाच, साडेसहा ते दहा. मधला तास जेवणाचा दिसतो, पण तो मुख्यतः डाव उतरवून नवा डाव मांडण्यासाठी आहे. टेकड्या, झाडं, घरं, नद्या खोक्यात भरून दुसऱ्याच्या बाहेर काढायच्या म्हणजे तास लागतोच. मी दुसरीकडे एका मेळाव्याला गेले होते, तिथे सत्रांमध्ये पंधरा मिनिटं ठेवली होती आणि संध्याकाळचा डाव दीड तास उशिरा सुरू झाला. इथे निम्मी टेबलं साडेनऊला सुरू होतात, निम्मी दहाला. नोंदणीच्या टेबलापाशी गर्दीच होत नाही. जड मांडणीचा खेळ असेल तर त्याला एकच टेबल दोन सत्रं देतात, म्हणजे सकाळी आणि दुपारी तोच डाव वेगळ्या खेळाडूंबरोबर, मांडणीला हात न लावता.

मी खेळले तो असाच एक होता : असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, साधारण २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक. आपल्या जालना जिल्ह्यातली लढाई न्यू जर्सीच्या हॉलमध्ये मांडलेली पाहून मला काय वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. ८ फुटांच्या लांबीत एका टोकाला केळणा नदी, दुसऱ्या टोकाला जुई आणि तिच्या काठावर असई गाव. मी शिंद्यांच्या बाजूला, त्यांचा युरोपियन सेनानी पोलमन याच्या कवायती पलटणी माझ्याकडे. डाव मांडणाऱ्या काकांनी (सत्तरीचे असतील, इतकं वाचन असलेला माणूस मी क्वचित पाहिलाय) इंग्रज सेनापती वेलस्लीने उतार शोधून नदी ओलांडण्याचा भाग खेळात ठेवलाच नव्हता. फौज नदीपार आलेली आहे आणि पोलमनने आपली फळी वळवून घेतली आहे, तिथून सुरुवात. त्यांच्या मते नदी ओलांडण्यातच दीड तास जातो आणि खरी झुंज सत्र संपताना सुरू होते. साडेतीन तासांत लढाईचा निकाल लागावा यासाठी कुठून सुरू करायचं, हे क्लब प्रत्येक डाव मांडणाऱ्याला आधीच विचारतो. आमचा निकाल सत्र संपायच्या दहा मिनिटं आधी लागला. इंग्रजांची ७४ वी हायलँडर पलटण असई गावाच्या तोफांसमोर इथेही सापडली, आणि मराठी तोफखान्याने खऱ्या लढाईतही किती मोठं नुकसान केलं होतं हे काकांनी शेवटी उभं राहून सगळ्यांना सांगितलं.

सत्र संपायच्या अर्धा तास आधी आयोजक प्रत्येक टेबलापाशी येऊन हळू आवाजात "आता शेवटचे दोन टर्न" म्हणून जातात. माइक नाही, घंटा नाही. निम्म्या जागा आधी ऑनलाइन भरतात, निम्म्या त्या दिवशी सकाळी दारावर. नवीन माणसाला यामुळे खरोखर जागा मिळते. प्रत्येक टेबलावर एक कागद असतो : काळ, सैनिकांचं माप, कुठले नियम, किती खेळाडू, नियम आधी यायला हवेत की नाही. नियम शिकवणाऱ्या टेबलांवर हिरवा कागद. माझ्या मुलाने तोच बघून टेबल निवडलं, कुणाला विचारायची गरज पडली नाही.

अर्धा तारा कापला तो दुपारच्या सत्रासाठी. मुलांचा समुद्री लढाईचा खेळ आणि नेपोलियनच्या काळातला एक मोठा, शांतपणे समजावून सांगायचा खेळ शेजारी-शेजारी ठेवले होते. मुलं ओरडणारच, ओरडायलाच हवीत, पण ते टेबल स्वयंपाकघराच्या दाराकडे हलवलं असतं तर दोघांचं भलं झालं असतं. मागच्या कोपऱ्यात उजेडही कमी आहे. तिथे ६ मिलिमीटरचे सैनिक मांडले होते, निशाणं ओळखू येत नव्हती. खिडकीजवळची दोन टेबलं या मापासाठी राखून ठेवावीत, असं मी त्यांना लिहून कळवलं आहे.

प्रवेश १५ डॉलर, डाव मांडणाऱ्यांना फुकट. ज्यांना शेकडो खेळ आणि मोठा बाजार हवा त्यांनी जुलैमध्ये पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला हिस्टोरिकॉन या मोठ्या मेळाव्याला जावं, तोही सुंदर अनुभव आहे. इथे यायचं असेल तर साडेनऊच्या टेबलासाठी नऊला पोचा. शाकाहारी खायला चिप्सशिवाय काही नसतं, तेव्हा डबा बरोबर घ्या. हॉलचा मायक्रोवेव्ह वापरू देतात.