पितळी दांड्यांचा सात इंची अडकित्ता: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतच्या वापरानंतर

दिवाळीच्या खरेदीत घेतलेला हा जामनगरी अडकित्ता. पातं पोलादी, दांड्या पितळी, लांबी सात इंच. बडोद्यात मांडवीकडच्या भांड्यांच्या दुकानांत ‘सुडी’ म्हणून मागितला की लगेच काढून देतात. मोर, घोडे, घुंगरं असलेले नगही समोर मांडतात. ते जरूर बघा, पण निवड खिळीवरून करा, म्हणजे ज्या खिळ्यावर दोन्ही दांड्या जोडलेल्या असतात आणि फिरतात त्यावरून.

शाळेत दुसऱ्या प्रकारच्या तरफेचं उदाहरण म्हणून अडकित्ता शिकवतात. टेकू (म्हणजे खीळ) एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला, सुपारी मधे. खिळीपासून मूठ १४ सेंटिमीटरवर आणि सुपारी २ सेंटिमीटरवर असेल, तर हाताचा जोर सातपट होऊन सुपारीवर पडतो आणि त्यातला बहुतेक भार खिळीलाही पेलावा लागतो. ती ढिली असेल तर पातं आडवं सरकतं. मग सुपारी कातरली जात नाही, फुटते. कापांऐवजी ताटलीत चुरा पडतो, आणि आपण उगाच धारेला दोष देतो.

दुकानातच अडकित्ता अर्धा उघडून दोन्ही दांड्या आडव्या दिशेला हलवून बघा. पातं डुगडुगलं तर तो नग ठेवून द्या. मग मिटून उजेडासमोर धरा. पातं खालच्या जबड्याला सगळीकडे सारखं टेकायला हवं. वर्तमानपत्राची पट्टी न चुरगळता कापली जावी. आणि पूर्ण मिटल्यावरही दांड्यांमध्ये बोटभर फट राहावी, नाहीतर तळहाताची कातडी चिमटते. ही शेवटची गोष्ट सुबक नक्षीच्या नगांत हमखास चुकलेली असते.

आमच्या नगाची खीळ होळीपर्यंत घट्ट होती, नंतर किंचित खेळायला लागली. रोजच्या वापरात हे होणारच. खिळीचं एक डोकं ऐरणीवर किंवा जाड लोखंडी वजनावर टेकवायचं आणि दुसऱ्यावर गोल तोंडाच्या लहान हातोडीने हलके तीन-चार ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्यानंतर उघडझाप करून बघायची. जास्त आवळली गेली तर तेलाचा थेंब सोडून काही वेळ उघडझाप केली की मोकळी होते. तेल मात्र औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या. खोबरेल जानेवारीत थिजतं, शेंगदाण्याचं तेल काही आठवड्यांत चिकट होऊन खिळीत धूळ धरतं.

कातरताना सुपारी नेहमी खिळीजवळ सरकवा. टोकाशी धरली की जोर कमी पडतो आणि ती उडते. पहिला घाव उभा घालून दोन भाग करा, मग सपाट बाजू जबड्यावर टेकवून पातळ काप काढा. एका झटक्यात दाबू नका. पातं आधी रुतू द्या, मग दाब वाढवा. मे महिन्यात सुपारी इतकी वाळते की खडा होतो. ती रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर काप अखंड निघतात, पण कातरून झाल्यावर ते पसरून वाळवायलाच हवेत. पावसाळ्यात उलटी काळजी: फोडलेल्या सुपारीत आत बुरशी दिसली तर टाकून द्या.

पोलादी पात्याचा एक त्रास सांगायला हवा. सुपारीतल्या टॅनिनमुळे ओल्या लोखंडावर काळे डाग पडतात आणि कापांनाही लागतात. काम झाल्याबरोबर कोरड्या फडक्याने पुसलं की पुरतं. स्टेनलेस पात्यांना हा त्रास कमी, पण स्वस्त नगांचं पोलाद मऊ असतं आणि धार लवकर पडते. दांड्यांचं पितळ चिंचेने घासता येतं. चिंच पात्याला आणि खिळीला लागू देऊ नका.

धार चाकवाल्याकडे देऊ नये, असं माझं ठाम मत. बहुतेक अडकित्त्यांच्या पात्याला एकाच बाजूने उतार असतो, चाकावर दोन्हीकडून घासलं की तो बिघडतो. शिवाय पातं तापून निळसर झालं तर त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. बारीक कण्याच्या तेलदगडावर उताराची बाजूच घासा, सपाट बाजूवरून शेवटी एकदा अलगद फिरवून कंगोरा काढा.

सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे. तेव्हा गौरी-गणपतीच्या विड्यांपुरती सुपारी कातरली तरी अडकित्ता पडून राहत नाही. श्रीखंडावरच्या बदामाच्या कातळ्या सुरीपेक्षा यावर एकसारख्या होतात. बदाम तासभर भिजवून, पुसून घ्या. सुकं खोबरं आणि ज्येष्ठमधाच्या काड्याही छान कातरल्या जातात. हळकुंड मात्र घालू नका, पात्याला दाते पडतात. आणि लोणच्याच्या कैऱ्या कोयीसकट फोडायला पाटावर बसवलेला मोठा अडकित्ताच लागतो. या सात इंचीत कैरी मावतच नाही.