गुडघेदुखी: सुया की व्यायाम?

मावशी विचारते, "गुडघ्याला अ‍ॅक्युपंक्चर करू की फिजिओथेरपी?"

जर्मनीत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघेदुखीचे हजारावर रुग्ण होते. अ‍ॅक्युपंक्चरने ठरवलेल्या खऱ्या बिंदूंवर सुया टोचा की भलतीकडे वरवर, आराम जवळपास सारखाच. म्हणजे बिंदूंचं शास्त्र तिथेच लंगडं पडतं. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही 2022 मध्ये सांध्यांच्या झिजेला अ‍ॅक्युपंक्चर नको म्हटलं, व्यायाम मात्र सर्वांना सुचवला.

सुयांना दर खेपेला पैसे. व्यायाम एकदा शिकला की घरचाच: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबून पाच अंक मोजायचे. कंटाळा येतो, हे खरं.

झीज असेल, जिने चढायचे असतील, तर व्यायामच. सुयांनी बरं वाटतं नि पैसे परवडतात, तर निर्जंतुक, नव्या सुया बघून घे, पण व्यायाम सोडू नकोस. गुडघा लाल, गरम झाला तर आधी डॉक्टर.